प्लीहा काढलीय? मग ताप आल्यावर सकाळची वाट बघू नका

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर वाचला. भाऊ एप्रिलमध्ये देवगडला हापूस काढताना कलमावरून पडला, डाव्या बरगड्या मोडल्या, त्यांच्याखालची प्लीहा फुटून पोटात रक्त साचलं आणि कोल्हापुरात रातोरात ऑपरेशन करून ती काढावी लागली. आता जून लागलाय, टाके भरलेत, तो लावणीच्या गोष्टी करतोय. डिस्चार्ज कार्डावर ‘आठ दिवसांनी दाखवणे’ यापलीकडे काही नाही. आईला वाटतंय आता अंगात रक्तच राहणार नाही, शेजारच्या काकू बकऱ्याची तिल्ली, म्हणजे प्लीहाच, खायला घाला म्हणतात, आणि तुम्ही विचारताय की प्लीहेशिवाय माणूस धड जगतो का, आणि ती परत वाढते का.

जगतो. माझी प्लीहा तरुणपणीच आयटीपीसाठी काढली, म्हणजे प्लेटलेट सारख्या कोसळतात त्या आजारासाठी. नंतर रत्नागिरीतच नोकरी केली, संसार केला, समुद्रात पोहलो, मासे तर रोजचेच. पथ्य असं काही नाही. फक्त ताप आला की मी घरातल्या बाकीच्यांसारखा वागत नाही. खाली बरंच लिहिलंय, पण त्यातलं तापाचं तेवढं भावाच्या डोक्यात बसलं तरी पुरे.

आईची काळजी आधी मिटवू. प्लीहा, आपल्याकडे जुनी माणसं पांथरी म्हणतात ती, साधारण मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी रक्तातून वेचून मोडीत काढणं हे तिचं एक काम. ते यकृत आणि अस्थिमज्जा मिळून सांभाळून घेतात. मोठ्या माणसात रक्त तयार करण्याचं काम प्लीहेकडे नसतंच, ते हाडांतल्या मज्जेत होतं. पडल्यावर जे रक्त गेलं ते भरून यायला नाचणी, पालेभाजी, मासे, अंडी खाऊ देत. काकूंची तिल्लीही नीट शिजवून खाल्ली तर लोह मिळेल, एवढंच. त्याने प्लीहा उगवत नाही. यकृताचा तुकडा कापला तर ते वाढतं, प्लीहेचं तसं नाही. फुटलेल्या प्लीहेचे कण कधी कधी पोटात चिकटून जगतात आणि थोडंफार काम करतात, काहींना जन्मतःच छोटी जादा प्लीहा असते. पण त्या भरवशावर काळजी सैल करायची नाही.

तिचं दुसरं काम मात्र दुसरं कोणी पुरतं करत नाही. काही जंतूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं बुळबुळीत आवरण असतं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) हे त्यातले मुख्य. हे रक्तात शिरले तर त्यांना ओळखून धरायला प्लीहा लागते, आणि त्यांच्याविरुद्धची पहिली प्रतिपिंडंही (अँटिबॉडी) बऱ्याच अंशी तिथेच बनतात. ती नसली की हे जंतू रक्तात तासातासाने वाढत जातात. १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर या अमेरिकन शल्यवैद्यांनी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी प्लीहा म्हणजे काढून टाकली तरी चालणारा अवयव, असाच समज होता. आता अपघातातही जमेल तिथे ती वाचवायचा प्रयत्न होतो. पण रक्त थांबत नसेल आणि बीपी कोसळत असेल तर काढण्यावाचून इलाज नसतो, तेव्हा ‘काढायला नको होती का’ हा विचार सोडून द्या.

हा संसर्ग दुर्मिळ आहे. अपघातात प्लीहा गेलेल्या धडधाकट मोठ्या माणसाला त्याचा धोका लहान मुलांपेक्षा किंवा थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारवाल्यांपेक्षा कमी. पहिली दोन-तीन वर्षं तो जास्त असतो, नंतर उतरतो, पण शून्य कधीच होत नाही. आणि झालाच, तर सकाळी अंग मोडून आलेला माणूस २४ ते ४८ तासांत शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळून अत्यवस्थ, जाऊ शकतो. सुरुवात अगदी साधी असते: हुडहुडी, अंगदुखी, उलटी, कधी जुलाब. घरच्यांना वाटतं पोट बिघडलं.

आता आपल्याकडच्या पावसाळ्यातली अडचण बघा. ताप आला की डोक्यात आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो, मग डेंगी, मलेरिया, तुमच्या बाजूला सावंतवाडी-दोडामार्गकडे गोचिडींमुळे होणारा माकडतापही. प्रत्येकाची तपासणी वेगळी, रिपोर्ट उद्या-परवा. बाकीच्यांचं तेवढ्यावर चालून जातं. घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘वायच ताप आसा, सकाळी बघूया.’ तुमच्या भावाच्या बाबतीत ही ‘सकाळ’ चालणार नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग हललं, की निघायचं. क्रोसिन घेऊन उतरतो का ते बघत बसायचं नाही. ताप उतरल्याने जंतू मरत नाहीत, आपली फक्त समजूत निघते.

आणखी एक. लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, आठवड्यातून एकदा घ्यायच्या. आरोग्य सेविकेने दिल्या तर जरूर घेऊ देत. पण ‘अँटिबायोटिक चालूच आहे की’ असं समजून ताप अंगावर काढू नये. ती गोळी न्यूमोकोकससाठी नाही.

डॉक्टरांकडून आत्ताच तीन गोष्टी करून घ्या. पहिली, घरात ठेवायची अँटिबायोटिक, बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड देतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा, दुसरं देतील. किती घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून घ्या. ताप आला की पहिला डोस घ्यायचा आणि मग लगेच निघायचं. गोळी घेतली म्हणून घरी थांबायचं नाही. कोकणातल्या दमट हवेत गोळ्या खराब होतात, पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा, बाइकच्या डिकीत नको, आणि मे महिन्यात एक्सपायरी बघायची सवय लावा. काही डॉक्टर पहिलं वर्ष-दोन वर्षं रोज पेनिसिलिनची गोळीही देतात, विशेषतः लहान मुलांना. भावाला हवी की नको ते त्यांनाच ठरवू दे.

दुसरी, एक कार्ड. ‘प्लीहा काढलेली आहे. ताप असल्यास तपासण्यांची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक द्यावे’ एवढं मोठ्या अक्षरात, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह. पाकिटात एक, फोनच्या लॉक स्क्रीनवर फोटो. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर अनेकदा सरकारी सेवेच्या बाँडवर आलेले असतात, वर्षभरात बदलतात. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या मुलाला भावाची कहाणी माहीत नसते आणि तापाने बडबडणाऱ्या माणसाला ती सांगता येत नाही. ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू वाढतो ते बघायची तपासणी) घेता आलं तर उत्तम, मलेरियासाठी रक्त तपासायला हवंच, कारण प्लीहा नसताना मलेरियाही अंगावर येतो. पण या कशासाठीही सेफ्ट्रिअॅक्सोनसारखं अँटिबायोटिकचं इंजेक्शन अडवून ठेवायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं असेल तरी पहिला डोस देऊनच पाठवा, असा आग्रह धरा.

तिसरी गोष्ट, कुठे जायचं ते. कोल्हापूर तुम्हाला ओळखीचं झालंय म्हणून आपोआप तिकडेच गाडी वळेल. पण जुलैत करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड आली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पहिलं इंजेक्शन कुठे मिळेल ते आधी ठरवा: गावाजवळचा दवाखाना, देवगड, नाहीतर कणकवली. पुढे न्यायची वेळ आली तर घाट न चढता ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. अँब्युलन्सचा १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा, आणि शेजारी कोणाची गाडी रात्री मिळेल तेही आज विचारून ठेवा.

लशी. नियोजित ऑपरेशन असतं तर दोन आठवडे आधी द्यायच्या असत्या. तातडीचं असेल तर दोन आठवड्यांनंतर. भावाची ती वेळ टळली, पण उशीर झाला म्हणून सोडायच्या नाहीत, याच आठवड्यात सुरू करा. आधी न्यूमोकोकलची कॉन्ज्युगेट लस, तिच्यानंतर किमान आठ आठवड्यांनी न्यूमोकोकसच्या २३ प्रकारांवरची दुसरी, आणि ती पाच वर्षांनी पुन्हा. मेनिंगोकोकलचे आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दर पाच वर्षांनी एक. हिबचा एकच. फ्लूची दरवर्षी, शक्यतो गणपतीत मुंबईकर खोकत येण्याआधी. मेनिंगोकोकलची एखादी लस न्यूमोकोकलसोबत एकाच दिवशी चालत नाही, मध्ये महिना सोडावा लागतो. म्हणून वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. मोठ्यांना यातलं बहुतेक विकत घ्यावं लागतं आणि ते खिशाला चांगलंच जाणवतं. मेनिंगोकोकल गावात मिळाली नाही तर हज-उमराहला जाणाऱ्यांना विचारा, त्यांना ती सक्तीची असते, कुठे मिळते ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. आणि लस घेण्याआधी दवाखान्यात बेधडक विचारा, वीज गेल्यावर फ्रीजचं काय करता. राग आला तर येऊ दे. लशी सगळ्या घेऊन झाल्या तरी तापाचा नियम तोच राहतो, कारण त्या प्रत्येक प्रकारच्या जंतूवर चालत नाहीत.

कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकही लगेच हवी, जखम ओरखड्याएवढी असली तरी. चांगल्या पाळलेल्या कुत्र्याच्या तोंडातही कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू असतो, बाकीच्यांना सहसा काही करत नाही, आपल्याला करतो. मच्छरदाणी वापरायचीच. गोचिडी अंगावर राहू द्यायच्या नाहीत.

कामाचं म्हणाल तर प्लीहेमुळे बंदी कशालाच नाही. पोट उघडून ऑपरेशन झालंय म्हणून दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, आंब्याचे क्रेट काय किंवा भाताच्या गोणी काय. सर्जनने बघून हो म्हटलं की लावणीला जाऊ दे, पायाला जखम असेल तर चिखलात नको. झाडावर चढायचं की लांब काठीच्या झेल्याने खालूनच काढायचं, ते त्याच्या बायकोवर सोडा.

जाता जाता एक, प्लेटलेटचा रिपोर्ट टाकलेला दिसत नाही. प्लीहा काढल्यावर त्या वाढतात, कारण शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट एरवी प्लीहेत साठून असतात. साडेचार लाखांची वरची मर्यादा ओलांडून सात-आठ लाख झाल्या तरी लगेच घाबरू नका, हळूहळू उतरतात. फारच वर असतील तर डॉक्टर काही दिवस अॅस्पिरिन देतात. मात्र पोटात सतत दुखत असेल तर यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी नाही ना, हे सोनोग्राफीने बघायला सांगा. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून आकडा इथे टाका. सोबत रक्ताच्या काचपट्टीचा रिपोर्ट असेल आणि त्यात ‘हॉवेल-जॉली बॉडीज’ (तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे कण) लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, प्लीहा नसलेल्यांच्या रक्तात ते सापडतातच, माझ्याही.