पियानोवर ट्रिल स्वच्छ वाजण्यासाठी सराव कसा करावा?

ट्रिल म्हणजे लगतचे दोन स्वर आलटूनपालटून वेगाने वाजवणे, आणि वेगाची घाई केल्यामुळेच ती बहुधा बिघडते. उजव्या हाताच्या तर्जनीने सी व मधल्या बोटाने डी, मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून, आधी एका ठोक्याला दोन आणि मग चार स्वर असे वाजवावेत. मनगट ताठरू लागताच थांबावे. अंगठा आणि मधले बोट ही जोडी मला अधिक भरवशाची वाटते. बोटे पट्ट्यांना चिकटूनच ठेवावीत, कारण ग्रँड पियानोवर पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबता येते. अपराइटवर (उभ्या पियानोवर) मात्र ती अधिक वर येऊ द्यावी लागते. संगीतकार बाखने 1720 मध्ये मुलासाठी सुरू केलेल्या वहीतील अलंकारांच्या तक्त्यात ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होते, म्हणून बाखच्या रचनांत सामान्यतः आरंभ वरच्या स्वरापासून, म्हणजे सी-डीच्या ट्रिलमध्ये डीपासून करावा.