२ नोव्हेंबरच्या मेणबत्त्या

प्रश्न : वसईत २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे घासूनपुसून स्वच्छ केलेल्या कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात. आत्मा देवाकडे गेला असेल, तर ही प्रार्थना कशासाठी?

उत्तर : देवाच्या कृपेत मरण पावलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जातो आणि जिवंतांच्या प्रार्थनेचे, विशेषतः मिस्साचे (चर्चमधील मुख्य उपासनाविधीचे), त्याला साहाय्य होते, असे कॅथलिक चर्च मानते, प्रोटेस्टंटांना हे मान्य नाही. पितृपक्षाशी केली जाणारी तुलना मला अर्धीच पटते, कारण येथे पुनर्जन्म नसून जगाच्या अंतिम दिवशी देहासह पुनरुत्थान आहे. म्हणूनच दफनाला प्राधान्य आहे. १९६३पासून कॅथलिकांना दहनाचीही मुभा आहे. मात्र रक्षा विखुरता येत नाही, ती पवित्र जागी ठेवावी लागते.