वाचकांचे प्रश्न: बर्नी सँडर्स कोणत्या किबुत्झवर राहिले होते?

अमेरिकेचे सिनेटर बर्नी सँडर्स तरुणपणी इस्रायलमध्ये शेतात राबले, असं वाचनात आलं. खरं आहे का? आणि खरं असेल, तर ती जागा शोधायला पत्रकारांना एवढी यातायात का करावी लागली? – एक वाचक, सांगली

खरं आहे. १९६३ मध्ये ते काही महिने शार हाअमाकिम या किबुत्झवर होते. हैफाच्या आग्नेयेला, दोन खोऱ्यांच्या तोंडाशी वसलेली ही सामुदायिक वसाहत. सँडर्स तेव्हा बाविशीच्या आसपासचे, शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारे. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराचे महापौर ते झाले १९८१ मध्ये, म्हणजे राजकारणातलं पद अजून खूप लांब होतं.

शोधाशोध झाली ती त्यांच्याच मौनामुळे. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले, तेव्हा ‘किबुत्झवर राहिलोय’ एवढंच ते सांगत, नाव सांगत नसत. त्या भागात किबुत्झं काय कमी आहेत? बातमीदार एकेका ठिकाणी विचारत फिरले, म्हाताऱ्या सभासदांच्या आठवणी खणून झाल्या, हाती काही लागेना. उत्तर मात्र छापलेलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा ‘हाआरेत्झ’ या इस्रायली दैनिकाच्या योसी मेलमन यांना दिलेल्या मुलाखतीत सँडर्स यांनी किबुत्झचं नावही सांगितलं होतं आणि वर्षही. पण ती मुलाखत हिब्रूत. या दैनिकाची इंग्रजी आवृत्ती निघाली १९९७ मध्ये, त्यामुळे इंग्रजीत शोधणाऱ्याला ती सापडणार कुठून? फेब्रुवारी २०१६ मध्ये जुन्या अंकांतून ती वर काढली, तेव्हा उलगडा झाला. कुणा पुढाऱ्याच्या परदेशातल्या दिवसांची खातरजमा करायची असेल, तर आधी त्या देशाच्या भाषेतली जुनी वर्तमानपत्रं चाळावीत. त्यातही तो मोठा होण्याआधीची. तेव्हा माणूस मोकळं बोलतो.

तिथे स्वयंसेवकांना काम काय असायचं? पगार मिळायचा का? – एक बागायतदार, निफाड

पगार नाही. राहायला खोली, सामुदायिक भोजनगृहात जेवण, कामाचे कपडे आणि ते धुऊन मिळणं, वर थोडा हातखर्च. मजूर लावणं किबुत्झच्या तत्त्वात बसत नसे (व्यवहारात पळवाटा होत्याच), आणि फळं तर एकदम तोडणीला येतात. म्हणून बाहेरचे तरुण हवेच असत.

शार हाअमाकिमच्या जुन्या सभासदांनी सांगितलेला दिनक्रम असा: पहाटे ४.१० ला उठायचं, पाव-जॅम खाऊन सफरचंद-नासपतीच्या बागेत जायचं, दोनअडीच तास तोडणी करून मग भरपेट न्याहारीला परतायचं. एवढ्या लवकर का, हे तुम्हाला सांगायला नको. ऊन चढलं की माणूसही थकतो आणि तोडलेलं फळही तापतं.

नवख्याचा हात चुकतो तो नासपतीवर. फळ सरळ खाली ओढलं की देठ तुटून फळात भोक पडतं, नाहीतर फळ धरणारी आखूड फांदीच निघून येते आणि पुढच्या हंगामाचा डोळा जातो. फळ तळहातात धरून वर आडवं कलवायचं. तयार असेल तर देठ आपसूक सांध्यातून सुटतो, सुटत नसेल तर राहू द्यायचं. नासपती कडक असतानाच तोडतात, झाडावर पिकू दिली तर ती आतून लिबलिबीत होते. गळ्यातली पिशवी क्रेटमध्ये टेकवून मग तळ उघडायचा, वरून ओतायची नाही. डाग त्या दिवशी दिसत नाही, आठवड्याने दिसतो.

म्हणजे सँडर्स यांच्याकडे इस्रायलचंही नागरिकत्व आहे? – एक वाचक, ठाणे

नाही. जून २०१५ मध्ये रेडिओवर डायेन रेम यांनी त्यांना तसं थेट सुनावलं होतं. सँडर्स यांनी जागीच नाकारलं आणि रेम यांना माफी मागावी लागली. त्यांनी फेसबुकवरचा मजकूर खरा धरला होता. गफलत होते ती १९५० च्या परतीच्या कायद्यामुळे. ज्यूंना इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क तो देतो, आणि सँडर्स ज्यू आहेत. पण हक्क असणं वेगळं आणि तो वापरून स्थायिक होणं वेगळं. काही महिने फळं तोडून कुणी नागरिक होत नाही.

ते किबुत्झ कम्युनिस्ट होतं म्हणतात. – एक वाचक, पुणे

डावं होतं, नक्कीच. हाशोमेर हात्झाइर या समाजवादी झिओनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) युवक चळवळीचं, इस्रायलमधल्या डाव्या मापाम पक्षाच्या गोटातलं. मापामची सुरुवातीची सोव्हिएतभक्ती जगजाहीर आहे, पण १९५२ मध्ये प्रागच्या कम्युनिस्ट राजवटीने चालवलेल्या खटल्यात त्यांच्याच मोर्देखाय ओरेन या नेत्याला गोवलं गेलं आणि १९५६ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह स्टालिनच्या विरोधात बोलले, त्यानंतर ती पुष्कळ ओसरली. १९६३ च्या पाहुण्याला ‘स्टालिनवादी’ ठरवणं ही ओढाताण आहे.

तिथे राहूनही ते इस्रायलवर एवढी टीका कशी करतात? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

त्यांनी पाहिलेला इस्रायल म्हणजे सामायिक मालकीची शेती आणि समानता मानणारी माणसं. २०१९ च्या लेखात त्यांनी तेच लिहिलं: देश ज्या पुरोगामी मूल्यांवर उभा राहिला, ती आपण किबुत्झवर अनुभवली. मार्च २०१६ मध्ये आयपॅक या अमेरिकेतल्या इस्रायल समर्थक संघटनेच्या अधिवेशनाला न जाता त्यांनी सॉल्ट लेक सिटीत भाषण केलं. त्यात या मुक्कामाचा दाखला देत इस्रायलच्या सुरक्षेची हमी मागितली आणि पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहती व गाझाची नाकेबंदी यांवर टीकाही केली. त्यामुळे एक बाजू खरी आणि दुसरी ढोंग, असं मानायला आधार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलला शस्त्रं विकण्याविरुद्ध त्यांनी सिनेटमध्ये तीन ठराव मतदानाला आणले. तिन्ही पडले. एकालाही वीस मतं मिळाली नाहीत.