जुन्या हवेलीतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाणं खरंच सार्थकी लागतं का?

लग्नाच्या वाढदिवसाला आईवडिलांना जुन्या हवेलीतल्या रेस्टॉरंटमध्ये न्यायचंय, पण तिथे नुसते भिंतींचेच पैसे मोजावे लागतात का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, जरूर न्या. फक्त टेबल राखून ठेवताना विचारा की बसायची खोली कोणती आणि स्वयंपाकघर तिथून किती लांब आहे.

हे दुसरं लोक विचारतच नाहीत आणि जेवण तिथेच बिघडतं. जुन्या मोठ्या घरांत आगीच्या भीतीने आणि धूर, वास नको म्हणून स्वयंपाकघर पुष्कळदा मुद्दाम लांब ठेवत. अमेरिकेत थॉमस जेफरसन या जुन्या काळच्या राष्ट्राध्यक्षाच्या मॉन्टिसेलो या घरात त्यावर केलेली सोय मला फार आवडते. जेवणघराच्या दाराला मागच्या बाजूने फळ्या लावल्यात आणि ते दार मधल्या खुंटावर फिरतं. पलीकडून फळ्यांवर ताटं मांडायची, दार फिरवलं की ताटं आत! शेकोटीच्या बाजूंना तळघरातून वाइनच्या बाटल्या वर आणणारे छोटे पाळणेही आहेत. आजच्या रेस्टॉरंटवाल्याला असं काही नव्याने करणं अवघड, कारण वास्तू संरक्षित असेल तर परवानगीशिवाय भिंतीला हात लावता येत नाही.

एकदा आम्ही हौसेने वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना मागितला. छत अप्रतिम होतं, पण सूप कोमट आलं. अरुंद जिना चढून आलेल्या वेटरला धाप लागली होती, त्याला काय बोलणार? पुढच्या खेपेला खालची, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली घेतली. खोली साधीच, पण ताटातून वाफ येत होती आणि आम्ही निवांत जेवलो.

ऐकू कमी येत असेल तर उंच छताची, दगडी फरशीची खोली टाळा, आवाज घुमतो. गालिचा आणि जाड पडदे असलेली खोली बरी. आणि उजेड असतानाच पोहोचा, कारण रात्रीच्या मंद दिव्यांत कोरीवकाम दिसतच नाही. गर्दी नसेल तर घर दाखवाल का, असं विचारून बघा. आम्हाला एका वयस्कर वाढप्याने मधोमध झिजलेला उंबरठा दाखवला होता, त्यावरून हात फिरवताना आई जेवणही विसरली होती.

गुडघेदुखी असेल तर तळमजलाच मागा. अशा घरांत बऱ्याचदा लिफ्ट नसते, आणि स्वच्छतागृह भलत्याच मजल्यावर असू शकतं, तेही फोनवरच विचारून घ्या.