कॅनडाच्या गव्हाच्या पट्ट्यात पाँतेक्ससारखं फ्रेंच नावाचं इवलंसं गाव कसं वसलं?

यामागे एक धर्मगुरू आहे. फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांताचे फादर आल्बेर-मारी रॉये यांनी 1908 च्या सुमारास कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिणेला उघड्या माळावर फ्रेंच भाषक शेतकऱ्यांची वस्ती उभी केली आणि तिला नाव दिलं नोत्र-दाम-दोव्हेर्न्य. तेव्हा 10 डॉलर नोंदणी फी भरली की 160 एकर जमीन मिळे. मात्र ती नांगरून, घर बांधून तिथे राहावं लागे.

मग 1913 च्या आसपास रेल्वे आली, पण रूळ पडले ओढ्यापलीकडे. धान्य गाडीवर चढलं नाही तर शेती कशाची? अख्खी वस्ती रुळांकडे सरकली. नवं नाव पाँतेक्स, म्हणजे फादरांच्या फ्रान्समधल्या जुन्या पॅरिशचंच (एका चर्चच्या हद्दीतला परिसर).

मला सगळ्यात भिडते ती तिथली ओकच्या लाकडात कोरलेली मूर्ती: मांडीवर मृत येशूला घेतलेली मेरी. फ्रान्सहून आणलेली. 1923 मध्ये चर्च जळालं, मूर्ती मात्र वाचली. 1929 मध्ये जोडमनोऱ्यांचं नवं चर्च झालं, आणि ती आजही तिथेच आहे. गावात माणसं जेमतेम काहीशे.