बदली ड्रायव्हरची जागा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. यूपीएस या आपल्या अमेरिकेतल्या पार्सल कंपनीत रजेवर गेलेल्या ड्रायव्हरचा रूट तुझ्यामागून लागलेल्या मुलाला मिळाला आणि तुला सकाळी हजेरीच्या वेळी ‘आज काम नाही, घरी जा’ म्हणून सांगितलं. रोज दुसऱ्या कुणाच्या जागी गाडी चालवणाऱ्या बदली ड्रायव्हरला सेवाज्येष्ठता असते तरी का, असं तू विचारतोस. असते. तुझ्या नावावर रूट नाही, पण रांगेतली जागा तुझीच आहे.

आधी तुझी तारीख नक्की कर. इथेच बहुतेक मुलं फसतात. कंपनीत पाऊल टाकलं ती तारीख एक आणि ड्रायव्हर म्हणून नाव लागलं ती दुसरी. तू आधी रात्री गोदामात माल चढवायचास, अर्धवेळ. युनियन आणि कंपनीतल्या अनेक करारांत रजेचे आठवडे पहिल्या तारखेवरून मोजतात, पण रूट आणि वेळापत्रक निवडायचा क्रम दुसऱ्या तारखेवर ठरतो. कदाचित तो मुलगा गोदामात तुझ्यामागून आला असेल, पण गाडीवर तुझ्याआधी चढला असेल. तसं असेल तर तुझा राग खरा असला तरी तक्रार टिकणार नाही. म्हणून सेवाज्येष्ठतेची यादी माग, तारखा ताडून बघ. देशभर लागू असलेल्या राष्ट्रीय करारासोबत त्याला जोडलेली तुझ्या भागाची पुरवणीही वाच. बदली ड्रायव्हरचे नियम बहुतेक तिथेच असतात आणि तक्रार किती दिवसांत करायची तेही. ती मुदत टळली की हक्काचा रूटसुद्धा हातचा जातो.

यादीत तू वर निघालास तर सुपरवायझर म्हणेल, ‘तुला तो रूट येत नाही.’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय आणि कधी कधी ते खरंही असतं. त्यावर उपाय आजच कर: कोणकोणते रूट शिकायचे आहेत ते लेखी दे, तारीख घाल, प्रत स्वतःकडे ठेव. शिकवायला त्यांनीच टाळाटाळ केली, तर ती सबब पुढे चालवणं त्यांना जड जाईल.

आता एक गोष्ट, जी मी फार कमी जणांना सांगितली आहे. माझ्या तिसऱ्या वर्षी सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. ‘शनिवारी कुरकुर न करता येत जा, आठवडाभर चांगला रूट तुझा.’ मी हो म्हणालो. तो रूट यादीत माझ्यावर असलेल्या एका बदली ड्रायव्हरचा हक्काचा होता. घरी लहान मूल होतं त्याच्या, आणि तो रूट लवकर संपायचा. त्याने तक्रार केली नाही, माझ्याशी बोलणं मात्र सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात तीच युक्ती माझ्यावर झाली तेव्हा मला तोंड उघडायला जागा नव्हती. तोंडी सौदा कितीही गोड वाटला तरी करू नकोस. तुला मिळालेली सवलत कुणाच्या तरी ताटातली असते.

सकाळी वाद घालत बसू नकोस. सांगितलेलं काम कर आणि त्याच दिवशी युनियनच्या प्रतिनिधीकडे जाऊन लेखी तक्रार दे. धोक्याचं काम मात्र याला अपवाद. वहीत वेळ, रूटचा क्रमांक, कोण काय बोललं आणि ते कुणी ऐकलं, हे सगळं लिही. केबिनमध्ये बोलावून चौकशी सुरू झाली आणि शिक्षा होईल असं वाटलं, तर प्रतिनिधी हवा असं स्वतःच्या तोंडाने सांग. हा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली मान्य केला, पण तो मागावा लागतो. मालकाने आठवण करून द्यावी असं बंधन नाही.

करारावरच्या मतदानाने काय होतं, असंही तू लिहिलंस. 2018 च्या यूपीएस करारात ड्रायव्हरांचा एक नवा वर्ग आला. गाडी तीच, पार्सलं तीच, पगार कमी आणि शनिवार-रविवार त्यांच्या माथी. मत देणाऱ्या टीमस्टर्स या आपल्या युनियनच्या सभासदांपैकी सुमारे 54 टक्क्यांनी तो करार नाकारला होता. तरी तो लागू झाला. मतदान निम्म्याहून कमी झालं असेल तर नकाराला दोन तृतीयांश मतं लागत, असा तेव्हा युनियनचा नियम होता. 2021 च्या अधिवेशनात सभासदांनी तो नियम काढला आणि 2023 च्या करारात तो वर्गही गेला. नाकारणाऱ्यांच्या संतापापेक्षा मला घरी बसून राहिलेल्यांची संख्या जास्त खुपते. त्यात माझ्या ओळखीची बरीच चांगली माणसं होती.

त्या मुलावर मात्र डूख धरू नकोस. रूट त्याने वाटला नाही. उद्या त्याच्याखालचा कुणी त्याच्यावर चढवला गेला, तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तूच पहिला उभा राहा.

यादीतली तुझी तारीख मिळाली की फोन कर. पुरवणी समोर घेऊन बस, तक्रारीचा मजकूर आपण मिळून लिहू.

तुझा,
जुना सहकारी