इमारतीत वापरतो ती सरकत्या काचेच्या भिंतीची रेल जहाजावर चालेल का? नेमकं काय बदलावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की इमारतींसाठी सरकत्या काचेच्या भिंती करता आणि आता एका प्रवासी जहाजाच्या वरच्या डेकवर, जेवणाच्या दालनापुढे तशीच भिंत बसवायची आहे. हातात बसलेली रेल आणि चाकं तिथे वापरावीत का, असा प्रश्न आहे.

वापरू नका. तीच रेल जाड करून किंवा चाकं मोठी घेऊनही भागणार नाही. मी जहाजांवरच्या दारं-खिडक्यांचं डिझाइन करते आणि इमारतीकडून या कामात येणाऱ्यांना एक सवय मोडावी लागते. इमारतीत पॅनल स्वतःच्या वजनानं रेलवर बसून राहतं, त्यामुळे रेलनं ते सहज सरकू दिलं की काम झालं. जहाजावर ‘खाली’ ही दिशाच दर काही सेकंदांनी बदलते. तिथे रेलनं आधी काच धरून ठेवायची असते, सरकवायचं नंतर बघायचं.

हिशोब करून बघा. १२ मिमी जाडीची काच चौरस मीटरला ३० किलो भरते. म्हणजे १.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच पॅनल ९० किलोचं. रेल जहाजाच्या रुंदीच्या दिशेनं असेल आणि जहाज १५ अंश कललं, तर पॅनलला रेलवरून ओढणारा जोर सुमारे २३ किलो वजनाइतका होतो. त्यात डोलण्याची भर पडते. एक पूर्ण हेलकावा १२ सेकंदांचा असेल आणि जहाज ज्या अक्षाभोवती डोलतं त्याच्या २० मीटर वर तुमचा डेक असेल, तर टोकाच्या क्षणी आणखी १३ किलो. एकूण ३६ किलो, आणि तो जोर थोड्याच वेळात उलट्या दिशेनं. आता १० अंशांच्या साध्या कलावर सुटलेलं पॅनल घ्या. घर्षण सोडून दिलं तर तीन मीटर धावायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि टोकाला पोचताना वेग ताशी ११ किलोमीटरच्या वर गेलेला असतो. ९० किलो काच, वाटेत कदाचित कुणाचा तरी हात. चाकं जितकी उत्तम, तितकं सुटलेलं पॅनल जास्त धोक्याचं.

म्हणून मी कागदावर पहिली रेघ कुलपाची ओढते. प्रत्येक पॅनल स्वतंत्रपणे बंद जागेवरही अडकलं पाहिजे आणि सगळी एकत्र उभी करतात तिथेही. शेजारच्या पॅनलच्या आधारावर कुणालाच ठेवायचं नाही. मधल्या प्रवासात हँडल सोडलं की आपोआप ब्रेक लागेल अशी रचना हवी. मोटर असेल तर वीज गेल्यावर ती जागच्या जागी अडली पाहिजे, पण हातानं सोडवून भिंत चालवताही आली पाहिजे. टोकाचा स्टॉपर रेलच्या पातळ कडेला स्क्रूनं बसवू नका, तो थेट डेकच्या सांगाड्याला बांधा. आणि जहाज लाटेवरून खाली येताना पॅनल क्षणभर हलकं होतं, तेव्हा चाक रेलमधून उचललं जाऊ नये म्हणून वरूनही पकड लागते. ‘वजन आहे, बसून राहील’ हा भरवसा इथे ठेवता येत नाही.

भिंत लांबीच्या दिशेनं असेल तर चित्र बदलतं. मग रेलवरून ओढण्याचं काम जहाजाचं पुढेमागे झुलणं करतं, आणि बाजूचं डोलणं पॅनलला रेलमधून आडवं ढकलतं. वारा मात्र भिंत कुठल्याही दिशेनं असली तरी पॅनलला आडवाच ढकलतो. २० मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण २५ किलो. भिंत रुंदीच्या दिशेनं असेल आणि त्याच वाऱ्यासमोर जहाज २२ नॉट (ताशी सुमारे ४१ किलोमीटर) वेगानं निघालं तर सापेक्ष वेग ३१ मीटरवर जातो आणि दाब ६० किलोंच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जहाज स्वतः वाकतं. लाटेच्या माथ्यावर मध्यभाग उचलला जातो, दोन लाटांमध्ये तो खाली बसतो, आणि वरच्या डेकवर हे ताणणं-दाबणं सगळ्यात जास्त जाणवतं. इमारतीच्या स्लॅबचा बाक एकदा येऊन थांबतो, हा दिवसरात्र चालू असतो. म्हणून वजन एकाच रेलनं घ्यायचं, वरच्या किंवा खालच्या. दुसरीनं फक्त वाट दाखवायची आणि उभ्या दिशेनं मोकळीक ठेवायची. ही मोकळीक किती, ते अंदाजानं ठरवू नका. डेक आणि वरचं छत एकमेकांच्या तुलनेत किती मिलिमीटर सरकतात हा आकडा जहाजबांधणी करणाऱ्यांकडून लेखी घ्या. त्यात उष्णतेची भर आहेच: १० मीटरची ॲल्युमिनियमची रेल ४० अंशांच्या फरकानं सुमारे ९ मिमी वाढते, खालचं पोलाद तेवढ्याच फरकानं ५ मिमीसुद्धा नाही. रेल एकाच बिंदूवर पक्की करा, बाकी सगळी भोकं लांबट ठेवा. काचेच्या कडेला धातू कुठेही टेकता कामा नये.

डेक सपाट असेल असंही गृहीत धरू नका. पाणी वाहून जावं म्हणून त्याला मुद्दाम बाक दिलेला असतो, वर वेल्डिंगनं आलेले चढउतार. आधी मापं घ्या, मग शिम (खाली सरकवायच्या पातळ पट्ट्या) किंवा ओतीव इपॉक्सीनं रेल एका पातळीत आणा. हाच बाक निचऱ्यासाठी वापरा. जहाज दोन्हीकडे कलतं, म्हणून खालच्या रेलमधलं पाणी एकाच टोकाला काढून चालत नाही. साचलेल्या खाऱ्या पाण्यात फटीतलं ३१६ प्रतीचं, गंजाला चांगलं टिकणारं स्टेनलेस स्टीलसुद्धा खड्डे पडून खराब होतं, आणि ॲल्युमिनियमची रेल, पोलादी डेक, स्टेनलेस स्क्रू असे तिघे ओले एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनच्या चकत्या आणि रबरी पट्टी हवीच.

आता जी चूक मी स्वतः केली ती. एका जहाजावर आमची भिंत बांधणीच्या गोदीत लोण्यासारखी सरकत होती. नंतर कित्येक आठवडे ती बंदच राहिली आणि जहाज चालत राहिलं. उघडली तेव्हा प्रत्येक चाक फिरताना टक् टक् अडखळत होतं. जहाज ढकलणारा पाच पात्यांचा पंखा मिनिटाला १२० फेरे घेतो तेव्हा सांगाड्याला सेकंदाला १० हादरे बसतात. थांबलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्या त्याच जागी घासत राहिल्या, ग्रीस बाजूला झालं आणि खाचा पडल्या. भार क्षमतेच्या निम्माही नव्हता, म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं. सगळी चाकं बदलावी लागली. तेव्हापासून मी हँडल फिरवल्यावर पॅनल काही मिलिमीटर खाली उतरून रबरी गाद्यांवर बसेल अशीच रचना करते. चाकांवरचं ओझं निघतं, खडखड थांबते, आणि पॅनल सरकायलाही तयार नसतं.

नियमांचं थोडक्यात. आर्किटेक्ट जमिनीशी सपाट रेल मागणारच. पण १९६६ च्या लोड लाइन करारात (जहाज किती खोलवर भरता येतं ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) बंदिस्त सुपरस्ट्रक्चरच्या, म्हणजे मुख्य डेकवरच्या बांधकामाच्या, टोकाकडच्या दारांना किमान ३८० मिमी उंबरा सांगितला आहे. तेव्हा समुद्राचं पाणी अडवायची जबाबदारी या भिंतीवर येणार नाही अशीच जागा निवडा, आणि ते वर्गीकरण संस्थेकडून (जहाजाची रचना तपासून मान्यता देणारी संस्था) आधीच मान्य करून घ्या. आगरोधक विभाजनाच्या ओळीत किंवा सुटकेच्या वाटेवर भिंत येत असेल तर डिझाइन सुरू करण्यापूर्वीच त्यांच्याशी बोला.

शेवटी चाचणी. सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात यांत्रिक सरकत्या जलरोधक दारांना जहाज १५ अंश कललेलं असतानाही बंद होण्याची अट आहे. तुमच्या भिंतीला ती लागू नाही, पण मी तोच आकडा धरते. खऱ्या वजनाचं एक पॅनल आणि रेलचा तुकडा कलत्या चौकटीवर बांधा, १५ अंशांवर न्या, आणि भिंत रोज उघडणाऱ्या खलाशांपैकी एकाला ओले हातमोजे घालून ती चालवायला सांगा.